शपथेवर खोटे बोलणाऱ्याला शिक्षा का होत नाही, आणि कायद्यात नेमके काय बदलावे

एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेल्यानंतर भावाने वारस नोंदीसाठी महसूल कार्यालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही बहिणींची नावे घातलीच नाहीत. पुढे वाटपाच्या दाव्यात, सरतपासाच्या (म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या मूळ साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात त्याने शपथेवर लिहिले की वडील हयात असतानाच बहिणींनी रोख रक्कम घेऊन लेखी हक्कसोड करून दिली होती. उलटतपासात असा कोणताही दस्त आपल्याकडे नाही, हे त्याला कबूल करावे लागले. दावा बहिणींच्या बाजूने लागला, परंतु नऊ वर्षे गेली आणि भावाला त्याबद्दल काहीही भोगावे लागले नाही. त्या विचारतात की शपथेवर खोटे बोलण्याविरुद्धचा कायदा इतका दुबळा का आहे, तो कडक करण्यासाठी काय करायला हवे, आणि आज त्यांच्या हातात काही आहे का.

तीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही प्रकारची कामे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या कायद्यातील शिक्षा मुळीच दुबळी नाही. दुबळी आहे ती शिक्षेपर्यंत जाणारी वाट. त्यामुळे ‘सात वर्षांची दहा करा’ ही मागणी दर वेळी कानावर आली की मला ती औषधाची मात्रा वाढवण्यासारखी वाटते, जेव्हा औषध रोग्याच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाही.

आधी शिक्षेचे पाहू. १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम १९३ने न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २२९ मध्ये आली असून सोबत दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड सांगितला आहे. साध्या चोरीला तीन वर्षे आणि खोट्या साक्षीला सात, हे प्रमाण पाहिले तर कायदा करणाऱ्यांनी हा गुन्हा हलका मानला होता असे म्हणता येत नाही. निरपराध माणसाला फाशीच्या गुन्ह्यात अडकवण्यासाठी खोटी साक्ष दिली तर जन्मठेप होऊ शकते, आणि त्या साक्षीमुळे निरपराध माणूस खरोखरच फासावर गेला तर साक्षीदारालाही मृत्युदंड होऊ शकतो. व्याख्याही पुरेशी रुंद आहे. आपले विधान खोटे आहे हे ठाऊक असणे इतकेच नव्हे, तर ते खरे आहे असा स्वतःचा विश्वास नसताना ते शपथेवर करणे हादेखील गुन्हाच आहे. तेव्हा कागदावर उणीव काढायला फारशी जागा नाही.

खरी अडचण सुरू होते ती फिर्याद कोणी करायची या प्रश्नापाशी. चोरी झाली तर आपण पोलीस ठाण्यात जातो. न्यायालयात खोटी साक्ष झाली तर पोलीस गुन्हा नोंदवू शकत नाहीत, आणि ज्याचे नुकसान झाले तोही थेट दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करू शकत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १९५ आणि ३४०, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम २१५ आणि ३७९, यांनुसार ज्या न्यायालयापुढे खोटे बोलले गेले त्या न्यायालयाने, किंवा त्याच्या वरिष्ठ न्यायालयाने, स्वतः लेखी फिर्याद करावी लागते. आपण फक्त अर्ज करून न्यायालयाचे लक्ष वेधू शकतो. गुन्हा घडल्याचे प्रथमदर्शनी दिसणे एवढ्यावरही भागत नाही. फिर्याद करणे न्यायाच्या हिताचे आहे, असेही न्यायालयाला वाटावे लागते.

हे कुंपण कोणा आळशी माणसाने घातलेले नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ते नसते तर प्रत्येक हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाच्या प्रत्येक साक्षीदारावर खटला भरला असता, आणि गावातला कोणताही शहाणा माणूस साक्षीच्या पिंजऱ्याच्या जवळपास फिरकला नसता. घरमालक-भाडेकरूच्या एका वादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या चंद्रपाल सिंग विरुद्ध महाराज सिंग या १९८२च्या प्रकरणात, दिवाणी भांडणात हरलेल्यांनी सूड उगवण्यासाठी फौजदारी कायदा वापरण्याच्या प्रवृत्तीबद्दल न्यायालयाने नाराजी नोंदवली होती. त्याआधी १९७१ मध्ये छाजू राम प्रकरणात असे ठरले होते की खोटेपणा हेतुपुरस्सर आणि महत्त्वाच्या मुद्द्यावर असेल, आणि दोषसिद्धीची वाजवी शक्यता दिसत असेल, तरच फिर्याद करावी. अमरसंग नाथाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की केवळ परस्परविरोधी विधाने झाली एवढेच कारवाईला नेहमी पुरेसे ठरत नाही; हेतुपुरस्सर खोटेपणा दिसावा लागतो. २००५ मध्ये इक्बाल सिंग मारवाह प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलेली कसोटी तर आपल्यासारख्या दुखावलेल्या पक्षकाराला प्रथम ऐकताना कठोर वाटेल: फिर्याद करायची की नाही हे ठरवताना त्या खोटेपणाने व्यक्तीला किती इजा झाली हे मुख्यतः पाहायचे नसून, न्यायदानाच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला हे पाहायचे आहे. आपली नऊ वर्षे हा त्या तराजूतला मुख्य बाट नाही. अर्ज लिहिताना ही गोष्ट विसरली गेली की तो अर्ज तक्रारवहीसारखा होतो आणि फेटाळला जातो.

म्हणजे कुंपण हवे. पण त्याचे दार वर्षानुवर्षे उघडतच नसेल तर त्याला कुंपण न म्हणता भिंत म्हणावे लागेल. ते का उघडत नाही, याची कारणे कायद्याच्या पुस्तकात कमी आणि न्यायालयाच्या रोजच्या कामकाजात जास्त सापडतात.

पहिले कारण असे की फिर्याद करताच न्यायाधीश स्वतः फिर्यादी होतो. ज्याच्या टेबलावर शेकडो प्रकरणे पडून आहेत त्याने एका निकाली निघालेल्या दाव्यातून नवा फौजदारी खटला जन्माला घालावा, त्यात आपल्या न्यायालयाचे नाव फिर्यादी म्हणून लावावे आणि पुढे कदाचित आपल्या कर्मचाऱ्याला मूळ कागद घेऊन दुसऱ्या न्यायालयात हेलपाटे घालायला लावावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. २००० मध्ये स्वर्ण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायमूर्ती डी. पी. वाधवा यांनी नेमके यावर बोट ठेवले. साक्षीदार खोटे बोलतो आहे हे खालच्या न्यायाधीशाला दिसत असते, पण स्वतः फिर्याद करण्याची त्याची इच्छा नसते, असे सांगून त्यांनी तरतुदीत बदल सुचवला. पुढे २००६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने पीठासीन अधिकाऱ्याऐवजी त्याने लेखी अधिकार दिलेल्या न्यायालयीन अधिकाऱ्याने फिर्याद दाखल करण्याची सोय झाली. सोय झाली, सवय झाली नाही. सहीचा भार कमी झाला, परंतु फिर्याद करणे न्यायाच्या हिताचे आहे असा निष्कर्ष लिहिण्याचा भार जिथे होता तिथेच राहिला.

दुसरे कारण बदल्यांचे. साक्ष एका न्यायाधीशापुढे होते, युक्तिवाद दुसऱ्यापुढे, आणि अर्जाचा निर्णय तिसऱ्याला करावा लागतो. साक्षीदाराचा चेहरा, थांबून दिलेले उत्तर, वकिलाकडे टाकलेली नजर हे काही निशाणी पडलेल्या, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक दिलेल्या, कागदांवर उमटत नाही. माझ्याच एका कामात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याने त्या दिवशी आपण गावातच होतो असे शपथेवर सांगितले, आणि त्याच दिवशीच्या त्याच्या परगावच्या कार्यालयातील हजेरीपटाची प्रमाणित प्रत आम्ही हजर केली. दावा आमच्या बाजूने लागला. कारवाईसाठी केलेला अर्ज मात्र सात वर्षे तारखांवर चालला आणि चौथ्या न्यायाधीशांपुढे तो निर्णयासाठी आला तेव्हा साक्षीदार मयत झाल्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला कळवणारी लेखी टीप, दाखल झाली. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखानिहाय नोंदीत, एका ओळीत तो अर्ज निकाली निघाला.

तिसरे कारण सामान्य पक्षकाराला समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते. दिवाणी दावा शक्यतांच्या पारड्यावर निकाली निघतो, तर खोट्या साक्षीचा गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधीश जेव्हा ‘प्रतिवादीने हक्कसोड सिद्ध केलेली नाही’ असे लिहितो, तेव्हा तो ‘प्रतिवादी खोटे बोलला’ असे लिहीत नाही. सिद्ध न झालेले आणि खोटे यांत मोठे अंतर आहे, आणि आपली न्यायालये निकालपत्रात बहुधा पहिल्या काठावर थांबतात, कारण दावा निकाली काढायला तेवढे पुरते. त्यातच एका गोष्टीत खोटा तो सगळ्याच गोष्टींत खोटा, हे सूत्र आपल्या न्यायालयांनी कधी स्वीकारलेले नाही; साक्षीतील भुसा पाखडून दाणे वेगळे करायचे, अशी आपली रीत आहे. ही रीत व्यवहारी आहे हे मला मान्य आहे, पण भुसा मिसळणाऱ्याला ती कधी जाब विचारत नाही.

आणि एवढे सगळे पार पडून फिर्याद दाखल झालीच, तरी तो खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अगदी पहिल्यापासून चालतो. मूळ निकालाविरुद्ध अपील प्रलंबित असेल तर दंडाधिकारी खटला पुढे ढकलू शकतात, आणि आपल्याकडे मूळ निकालाविरुद्ध अपील प्रलंबित नाही असे क्वचितच घडते.

या सगळ्यावर इलाज म्हणून एक आडवाट कायद्यात आधीपासून आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे कलम ३४४, नागरिक सुरक्षा संहितेचे आताचे कलम ३८३. निकाल देतानाच, साक्षीदाराने जाणूनबुजून खोटी साक्ष दिली असे मत सत्र न्यायालयाने किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांनी नोंदवले, तर त्याला कारणे दाखवण्याची संधी देऊन तेच न्यायालय संक्षिप्त पद्धतीने शिक्षा करू शकते. वेगळी फिर्याद नको, दुसरे न्यायालय नको, ज्याने साक्ष ऐकली तोच निर्णय देतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत, आणि पूर्वीचा पाचशे रुपयांचा दंड नव्या संहितेत हजारावर गेला आहे. न्यायमूर्ती व्ही. एस. मलिमथ यांच्या समितीने २००३च्या अहवालात या तरतुदीचा वापर न्यायाधीशाच्या इच्छेवर न सोडता बंधनकारक करावा आणि शिक्षाही वाढवावी, अशी शिफारस केली होती. २०२३ मध्ये तिन्ही मुख्य फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, तेव्हा ही संधी होती; पाचशेचे हजार करण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही. त्याहून मोठी उणीव अशी की हा अधिकार दिवाणी न्यायाधीशाला नाहीच. तोच अधिकारी सकाळी दंडाधिकारी म्हणून बसला तर साक्षीदाराला तीन महिने पाठवू शकतो, आणि दुपारी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश म्हणून बसला की त्याच खोटेपणापुढे त्याचे हात बांधलेले असतात. शपथेवरचे खोटे ज्या दाव्यांत सर्वाधिक पिकते, त्या वाटपाच्या, ताब्याच्या आणि हद्दीच्या दाव्यांत ही आडवाट बंद आहे.

मला एक कायदेशीर बदल करण्याची मुभा दिली तर मी हाच करीन. दिवाणी न्यायालयाला, निकाल देतेवेळी, साक्षीदाराला नोटीस देऊन, मर्यादित शिक्षेचा संक्षिप्त अधिकार द्यावा, आणि त्यात कारावासापेक्षा पैशाचा भाग जास्त असावा. सात वर्षांची भीती कोणालाच वाटत नाही, कारण ती मिळालेला माणूस कोणी पाहिलेला नाही. निकालाच्या दिवशीच लाखभर रुपये भरावे लागले, असा एक माणूस तालुक्याच्या न्यायालयात दिसला तर त्याची बातमी चहाच्या टपरीवरून संध्याकाळपर्यंत सर्व गावांत जाते. आज खोट्या दाव्याबद्दल किंवा खोट्या कैफियतीबद्दल (प्रतिवादीच्या लेखी उत्तराबद्दल) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली नुकसानभरपाई देता येते, पण तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. एका तारखेला दोन साक्षीदारांना परगावाहून आणण्याचा खर्चही यात निघत नाही. २०१५च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याने मोठ्या व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढली. शेतकऱ्याच्या आणि विधवेच्या दाव्याला मात्र ती अजून लागू आहे, याचे समर्थन मला आजवर कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

दुसरा बदल वेळेचा. कलम ३७९ खालील अर्जाचा निर्णय मुख्य निकालासोबतच, किंवा निकालानंतर ठरावीक महिन्यांत, कारणे लिहून व्हावा. अर्ज आला की आधी प्राथमिक चौकशी, मग ज्याच्याविरुद्ध कारवाई करायची त्याची सविस्तर सुनावणी, मग त्या आदेशावर अपील, असा जो दुसरा दावाच उभा राहत असे, त्याला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जसबीर सिंग प्रकरणात बऱ्याच अंशी आळा घातला. फिर्याद करण्यापूर्वी प्राथमिक चौकशी सक्तीची नाही आणि संभाव्य आरोपीला त्या टप्प्यावर ऐकून घेतलेच पाहिजे असेही नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. हा निकाल अर्जदाराच्या हातातले चांगले हत्यार आहे, पण अनेक अर्जांत त्याचा उल्लेखही मला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये १९११चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेथेही कमाल शिक्षा सात वर्षेच आहे. फरक असा की खटला भरण्यासाठी मूळ न्यायाधीशाच्या फिर्यादीची अट तेथे नाही. पोलीस तपास करतात आणि सरकारी अभियोग यंत्रणा निर्णय घेते. जोनाथन एटकेन या माजी मंत्र्यांना १९९९ मध्ये अठरा महिने आणि जेफ्री आर्चर यांना २००१ मध्ये चार वर्षे शिक्षा झाली, ती दोघांनीही बदनामीच्या दिवाणी दाव्यांत केलेल्या खोटेपणातून उद्भवलेल्या खटल्यांत. आपल्याकडे मात्र ती अट सरसकट काढावी असे मी म्हणणार नाही. आपल्या पोलीस ठाण्यांवरील स्थानिक दबाव पाहता साक्षीदारावर गुन्हा नोंदवण्याची ताकद तेथे दिली तर ती आधी दुबळ्या साक्षीदारावरच वापरली जाईल.

हा धोका कल्पनेतला नाही, आणि म्हणून फितूर साक्षीदारांबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. वडोदऱ्यातील बेस्ट बेकरी हत्याकांडात १ मार्च २००२ रोजी चौदा माणसे मारली गेली. पहिल्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला आणि तो मुंबईत चालला. वारंवार जबाब फिरवणाऱ्या झाहिरा शेख या प्रमुख साक्षीदार महिलेला मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची साधी कैद सुनावली, पण ती न्यायालयाच्या अवमानाबद्दल. खोट्या साक्षीचे कलम तेथेही मुख्य हत्यार नव्हते. २००८ मध्ये महिला विनोद कुमारी प्रकरणात बलात्काराची फिर्याद देऊन न्यायालयात जबाब फिरवणाऱ्या फिर्यादी महिलेला संक्षिप्त पद्धतीने दिलेली तीन महिन्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि या तरतुदीचा वापर वाढवण्याची गरज सांगितली. तत्त्व मला मान्य आहे. तरीही हा निकाल वाचताना मी दर वेळी अस्वस्थ होतो, कारण आपल्या समाजात अशा गुन्ह्यातील फिर्यादीने जबाब फिरवला तर तिच्यामागे कोण उभे होते, हे विचारल्याशिवाय शिक्षा ही अर्धीच न्यायाची गोष्ट ठरते. साक्षीदाराला धमकावून खोटी साक्ष द्यायला लावणे हा २००६ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साक्षीदार फितूर जाहीर झाला की सरकारी वकिलांनी त्याला उलटतपासात दहा प्रश्न विचारायचे आणि पुढच्याला बोलवायचे, हा जो पाठ पडला आहे, त्यात धमकीच्या गुन्ह्याचा तपास कोणी मागतच नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने येथे एक मोठा बदल केला आहे, ज्याची चर्चा फार कमी झाली. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर सहीही नसते, म्हणून तो न्यायालयात नाकारला तरी साक्षीदाराला काही होत नाही. आता दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी कलम १८३ खाली नोंदवणे बंधनकारक झाले आहे. हा जबाब शपथेवर असतो. आणि संहितेतच, पर्यायी दोषारोपाच्या कलमाखाली, असे उदाहरण दिलेले आहे की एकाने दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर ‘मी मारताना पाहिले’ असे सांगितले आणि सत्र न्यायालयात शपथेवर ‘मारलेच नाही’ असे सांगितले, तर या दोन्हींपैकी नेमके कोणते विधान खोटे हे सिद्ध करता आले नाही तरी त्याला खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवता येते. म्हणजे येत्या काही वर्षांत गंभीर खटल्यांतील प्रत्येक फितूर साक्षीदार कागदोपत्री शिक्षेच्या टप्प्यात येणार आहे. कायदा कडक झाला तो इथे, आणि तो शिक्षेचे वर्ष न वाढवता झाला.

म्हणूनच साक्षीदाराला आतून बाहेर येण्याची एक खिडकी याच वेळी कायद्यात हवी. अमेरिकेच्या १९७०च्या संघीय कायद्यात त्याच कामकाजादरम्यान, खोटेपणाने कामावर मोठा परिणाम होण्यापूर्वी किंवा तो उघडकीस येण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी साक्षीदाराने आपले खोटे मान्य करून सुधारले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आपल्याकडे अशी स्पष्ट तरतूद नाही. परिणामी एकदा खोटे बोललेला साक्षीदार पुढेही खोट्यालाच चिकटून राहतो, कारण खरे बोलणे हीच त्याच्याविरुद्धची कबुली ठरण्याची भीती असते. निकालापूर्वी स्वतःहून सुधारणा करणाऱ्याला अभय, आणि सोबत संरक्षण, अशी जोडी झाली तर या नव्या व्यवस्थेतून सत्य निघेल. नाहीतर फक्त घाबरलेली माणसे दोन्ही बाजूंनी चेपली जातील. संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात देशभरासाठी योजना लागू केली, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करणे बंधनकारक केले आहे. तालुक्याच्या पातळीवर मात्र, असा अर्ज कोणाकडे करायचा हे अनेक साक्षीदारांना आजही माहीत नसते.

आता आमच्या व्यवसायाबद्दल, कारण तो दोष बाहेर ढकलण्यात प्रामाणिकपणा नाही. २००२च्या दुरुस्तीपासून दिवाणी दाव्यांत सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. हेतू वेळ वाचवण्याचा होता, आणि वेळ वाचलाही. पण पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्या बोलीत जे सांगत असे, ते आता वकिलाच्या कार्यालयात, वकिलाच्या भाषेत, बरेचदा कैफियतीवरून परिच्छेद उचलून टंकलिखित होते. ‘सदर बाब खरी व बरोबर आहे’ या ओळीखाली सही करणाऱ्या शेतकऱ्याने ते वाचलेले असतेच असे नाही. उलटतपासात ‘हे प्रतिज्ञापत्र कोणी लिहिले, तुम्ही वाचले का’ हा प्रश्न मी हजारदा विचारला असेन, आणि ‘वकील साहेबांनी लिहिले, मी सही केली’ हे उत्तर तितक्याच वेळा ऐकले असेल. अशा माणसाने जाणूनबुजून खोटे सांगितले हे सिद्ध कसे होणार? मराठेशाहीत वाद सुटेना तेव्हा रवा-दिव्य करीत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, आणि हात भाजला की नाही यावर निर्णय. ती पद्धत गेली हे उत्तमच झाले, पण शपथ घेणाऱ्याला आपण काय पणाला लावतो आहोत हे त्या काळी निदान कळत होते. प्रतिज्ञापत्र साक्षीदाराच्या भाषेत वाचून दाखवले असे तयार करणाऱ्याने स्वतःच्या सहीने प्रमाणित करावे, आणि नोटरीने किंवा शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याने मुख्य विधाने त्याच्याकडून तोंडी वदवून घ्यावीत, एवढा नियम केला तरी अर्धी खोटी प्रतिज्ञापत्रे जन्माला येणार नाहीत, आणि जी येतील त्यांच्यावर कारवाई सोपी होईल.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात याच दिशेने एक पाऊल टाकले. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या या पोटगीच्या वादात, दोन्ही पक्षांनी मालमत्ता व उत्पन्नाचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घालून, ते खोटे निघाल्यास कारवाईचा विचार व्हावा असे न्यायालयाने सांगितले. नमुना ठरलेला असला की खोटे लपायला जागा कमी उरते. बँकेचे खाते लपवले की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते.

आता आपल्या प्रकरणाकडे. दोन प्रतिज्ञापत्रांना एकाच अर्जात गुंफू नका, कारण त्यांची दारे वेगळी आहेत. वारस नोंदीसाठी दिलेले खोटे शपथपत्र हा शपथेवर लोकसेवकापुढे केलेल्या खोट्या विधानाचा विषय असून न्याय संहितेच्या कलम २१६ मध्ये येतो, आणि तेथे फिर्याद संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने करावी लागते. म्हणून तो अर्ज तहसीलदारांकडे करावा. मात्र हे शपथपत्र १ जुलै २०२४ पूर्वी दिलेले असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम १८१ लावावे लागेल, तसेच न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रासाठी १९३. वारस नोंदीच्या शपथपत्राच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असल्याने मुदतीचा प्रश्न येऊ शकतो, तो आधी तपासून घ्यावा.

न्यायालयातील प्रतिज्ञापत्रासाठी ज्या न्यायालयाने दावा निकाली काढला तेथेच अर्ज करावा. दावा संपला म्हणून अर्ज करता येत नाही, हा गैरसमज आहे. अडचण एकच मोठी आहे. भावाने उलटतपासात दस्त नसल्याचे कबूल केल्यामुळे, साक्ष संपूर्ण वाचली असता त्याने खोटे मागे घेतले, असा युक्तिवाद होईल. ‘दस्त माझ्याकडे नाही’ आणि ‘दस्त कधी झालाच नाही’ यांत फरक आहे, आणि आपल्याला दुसरे सिद्ध करायचे आहे. स्थावर मिळकतीतील लेखी हक्कसोड नोंदणीकृत असावी लागते, त्यामुळे त्या काळातील दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनचा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घेऊन दस्त नोंदलेला नसल्याचा अहवाल मिळवावा. प्रतिज्ञापत्राची, उलटतपासाची आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडावी, आणि अर्जात सगळी कहाणी न लिहिता ते एकच वाक्य परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करावे, त्याशेजारी ते खोटे असल्याचा कागद आणि भावाला ते खोटे असल्याचे ठाऊक होते हे दाखवणारी परिस्थिती मांडावी. भावाने बनावट हक्कसोडपत्र दाखल केले असते आणि ते न्यायालयात येण्यापूर्वी तयार झालेले असते, तर इक्बाल सिंग मारवाह निकालानुसार बनावटीकरणाची फिर्याद आपल्याला थेटही करता आली असती. येथे तसा कागदच नसल्याने तो मार्ग नाही.

अर्ज फेटाळला तर वरच्या न्यायालयात, म्हणजे आपल्या बाबतीत जिल्हा न्यायालयात, तीस दिवसांत अपील करता येते, आणि तेथील निर्णयावर पुनरीक्षण, म्हणजे आणखी वरच्या न्यायालयाकडून फेरतपासणी, नाही. मूळ निकालाविरुद्ध भावाने अपील केले असेल तर त्या अपिलातच, खोट्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे, जबर खर्च बसवण्याची मागणी आजच लेखी नोंदवून ठेवा, कारण फौजदारी अर्जाचे काहीही झाले तरी ती मागणी ऐकावीच लागते.